सोफ्याला एरंडेल

"सोफ्यावरून नुसतं कोरडं फडकं फिरवा," चपला घालता घालता सिस्टरांनी बजावलं. "कोरडं. काही लावू नका, काही चोळू नका, आणि डोकं तर अजिबात चालवू नका."

"मी कशाला काय लावतोय?" सर दुखावल्या आवाजात म्हणाले.

सिस्टरांनी नुसतं खिडकीकडे पाहिलं. तिथल्या पडद्यावरचा चहाचा डाग सरांनी मागे स्वतःच्या हातांनी काढला होता. डाग पूर्ण गेला होता. आता त्या जागेतून समोरच्या इमारतीचा जिना दिसे.

सर शाळेत रसायनशास्त्र शिकवत. त्यांची बायको इस्पितळात हेडनर्स. वॉर्डात, गल्लीत, औषधाच्या दुकानात तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि ऐकून ऐकून सरांच्याही तोंडून कधी कधी "अहो सिस्टर" निघून जाई. सिस्टरही "ओ" देत.

त्या दिवशी साध्या फडक्याला एवढं महत्त्व यायला कारण होतं. चार वाजता सिस्टरांचे दोघे भाऊ चहाला येणार होते, आणि ते एकाच वेळी. थोरले दादा ट्रॅफिक पोलिसातून निवृत्त झालेले. धाकट्याचं ड्रायव्हिंग स्कूल. पोट सुटलं, टक्कल पडलं, आजोबा झाला, तरी घरात त्याला बाळच म्हणत. नोकरीच्या शेवटच्या वर्षी दादांनी भर चौकात बाळची गाडी अडवली होती. स्टिअरिंगवर एक शिकाऊ बाई, शेजारी बाळ. दादांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि बाईंना विचारलं, "तुम्ही शिकताय ते ठीक आहे. पण यांना कोण शिकवतंय?"

बाईंनी दुसऱ्या दिवशी दुसरं स्कूल धरलं आणि बाळने दादांशी बोलणं टाकलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक फोटोत दोघं दोन टोकांना असत. एका फोटोत तर बाळ चौकटीबाहेरच गेला होता, नुसतं पोट आलं होतं. सिस्टरांनी महिनोन् महिने खपून आजचा चहा जमवला होता. त्यासाठी त्यांनी दादांना सांगितलं होतं की बाळची तब्येत हल्ली बरी नसते, आणि बाळला सांगितलं होतं की दादांना फार पश्चात्ताप होतोय. दोन्ही गोष्टींत काडीचं तथ्य नव्हतं.

सिस्टर गेल्या आणि सरांनी खरोखरच कोरडं फडकं घेतलं. तपकिरी लेदरचा तीन जणांचा सोफा, सिस्टरांनी हौसेने घेतलेला. फडकं फिरवत फिरवत सर सोफ्याच्या उजव्या हातापाशी आले आणि तिथली उशी त्यांनी उचलली. उशीखाली लाल रेघ होती. आठवड्यापूर्वी सोफ्यावर बसून चाचणीचे पेपर तपासताना सरांना डुलकी लागली होती आणि हातातलं लाल पेन सोफ्याच्या हातावर आपलं आपण चालत गेलं होतं. उशी ठेवून ते प्रकरण त्यांनी मिटवलं होतं. पण आज दादा येणार. दादा बसणार म्हणजे उशी पाठीशी घेणार. आणि दादांच्या नजरेतून आयुष्यभरात एकही चूक सुटलेली नव्हती.

"शाईच आहे," सर स्वतःशी म्हणाले. "शाई स्पिरिटमध्ये विरघळते."

हे बरोबरच होतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी दोनदा घासला आणि लाल रेघ नाहीशी झाली. सर खूश झाले. मग स्पिरिट वाळलं, आणि रेघेबरोबर सोफ्याचा तपकिरी रंगही नाहीसा झाल्याचं दिसलं. हातावर बिस्किटाएवढा फिका ठिपका उमटला होता. रेघ लांबून दिसत नव्हती. ठिपका दारातूनही दिसत होता.

सरांनी बुटाचं पॉलिश आणलं. तेही तपकिरी, सोफाही तपकिरी. ठिपका झाकला गेला, पण तेवढी जागा आता नव्या बुटासारखी चमकायला लागली. म्हणून त्यांनी सगळ्या हाताला पॉलिश केलं. मग डावा हात उजव्यापुढे गरीब दिसायला लागला, त्यालाही केलं. दोन्ही हात झाल्यावर मधल्या बैठकीकडे बघवेना. सर घामाघूम होऊन ब्रश चालवत राहिले. बैठक झाली, पाठ अर्धी झाली आणि डबी संपली.

ते चार पावलं मागे आले. सोफा खालून गडद आणि वरून फिका दिसत होता. कोणीतरी त्याला कमरेपर्यंत चिखलात बुडवून बाहेर काढावं, तसा.

अशा वेळी दुसरा माणूस थांबला असता. सरांना मात्र आजोबा आठवले. आजोबा आपल्या जाड बुटांना एरंडेल चोळत आणि बूट कसे काळेभोर, मऊसूत होत. तेलाने चामडं गडद होतं. मग उरलेला भाग तेलाने गडद केला तर सगळा सोफा एकसारखा होईल! शिवाय चामड्याला पोषण मिळेल. म्हणजे सिस्टरांना सांगताना 'बिघडवला' असं न म्हणता 'काळजी घेतली' असं म्हणता येईल. हा मुद्दा सरांना विशेष आवडला.

औषधाच्या दुकानात जाताना त्यांनी मनाशी ठरवलं होतं की सोफा हा शब्द तोंडातून काढायचा नाही. दुकानदार सिस्टरांच्या रोजच्या ओळखीतला होता.

"एरंडेल द्या. मोठी बाटली. मोठ्या तीन द्या."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "सर, दोन चमचे पुष्कळ होतं."

"दोन चमच्यांनी काय होतंय? पार कोरडं पडलंय."

"असं? कधीपासून?"

"लक्षच दिलं नाही हो इतकी वर्षं. आता चारच्या आत काहीतरी व्हायलाच हवं."

दुकानदाराने समजूतदारपणे मान डोलावली. बाटल्या कागदात गुंडाळून, हातात देताना तो हळूच म्हणाला, "पाणी पीत जा सर. आणि आज बाहेर पडू नका." सर वळताच त्याने फोन उचलला.

घरी येऊन सरांनी बाह्या सारल्या आणि सोफ्याला अशी मालिश केली की सोफा माणूस असता तर सुखाने झोपी गेला असता. पाठीचा फिका भाग खरंच गडद झाला. पहिली बाटली संपली. दुसरी पॉलिश केलेल्या भागावर गेली. तिसरी त्यांनी उघडली तेव्हा फोन वाजला.

"कसं आहे आता?" सिस्टरांचा आवाज काळजीने भरलेला होता.

सरांनी तिसरी बाटली पाठीमागे लपवली. "तुला कळलं?"

"दुकानातून फोन आला. अहो, मला आधी सांगायचं नाही का? कधीपासून आहे हे?"

"आठवडा झाला," सरांनी कबूल करून टाकलं.

"आठवडा! आणि तुम्ही गप्प?"

"तू रागावशील म्हणून."

"यात रागवायचं काय? हे कोणालाही होतं."

सरांना गहिवरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपण या बाईला ओळखलंच नाही, असं त्यांना वाटलं. "आधी स्पिरिट लावून पाहिलं," ते मोकळेपणाने म्हणाले.

"स्पिरिट? तिथे?"

"हो. त्याने वरचा थरच गेला."

"अरे देवा! आग नाही झाली?"

"नाही नाही, काडी लांब होती. मग तेलावर आलो. सकाळी फार कडक होतं, आता मऊ पडलंय."

"तेल किती गेलं?"

"दोन बाटल्या. तिसरी आत्ताच उघडली."

"दोन बाट..." सिस्टरांचा आवाज चिरकला. "ती तिसरी खाली ठेवा! आत्ता! बसवतंय का तुम्हाला?"

"अजून बसून बघितलं नाही. धीर होत नाही."

"बसूच नका. आडवे व्हा. मी लवकरात लवकर निघते. आणि दादा नि बाळ आधी आले तर त्यांच्यासमोर कसंही करून आवरून धरा."

"आवरतोच आहे," सर म्हणाले आणि मोठ्या समाधानाने त्यांनी फोन ठेवला.

हे समाधान सोफ्याकडे वळेपर्यंतच टिकलं. तेल मुरलं नव्हतं. पाठीच्या वरच्या भागात थोडंफार गेलं होतं, पण पॉलिशच्या मेणावर गेलेलं तेल मेणालाच विरघळवून बसलं होतं. मेण आणि तेल एकमेकांत मिसळतात हे सर दरवर्षी नववीला शिकवत, आणि परीक्षेत हमखास विचारत. सगळ्या बैठकीवर तपकिरी लोण्यासारखा थर चढला होता. बोट टेकवलं की बोट पुढे जात होतं.

तेल टिपायला त्यांनी वर्तमानपत्रं अंथरली. दाबली. उचलली. तेल होतं तिथेच राहिलं आणि डाव्या बाजूला हवामानाचा अंदाज उलट्या अक्षरांत छापला गेला. सर तो खरवडत असतानाच बेल वाजली. चार वाजायला वीस मिनिटं कमी होती. दादा नोकरीत असल्यापासून सगळीकडे लवकर जात, लोकांना बेसावध पकडता यावं म्हणून.

सरांनी कपाटातून हाताला लागली ती चादर ओढली, सोफ्यावर पसरली, चारी बाजूंनी खोचली आणि दार उघडलं.

दादा आत आले. पांढरीशुभ्र पँट, कडक इस्त्री. "काय मेहुणे! दार उघडायला एवढा वेळ?"

"या ना दादा. इथे बसा, खुर्चीवर. वारा छान येतो."

"खुर्ची त्याला द्या. मी थोरला आहे." दादा थेट सोफ्याकडे गेले आणि ऐटीत बसले. बसले आणि बोटभर पुढे आले. त्यांनी खाली पाहिलं, मागे सरकले, पुन्हा पुढे आले. मग दोन्ही पाय रोवून, चौकात उभं राहावं तसे ताठ बसून राहिले.

पाठोपाठ बाळ आला. सोफ्यावर दादांना बघून तो दारातच थबकला.

"बाळ, तू इकडे ये, खुर्चीवर," सर घाईने म्हणाले.

"वा दाजी! ते सोफ्यावर आणि मी खुर्चीवर? मी काय चौकशीला आलोय?" तो तरातरा गेला आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. त्याचं वजन पडताच चादरीखालून बारीक 'पच्' असा आवाज आला. दोघा भावांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं आणि माना फिरवल्या.

भिंतीकडे बघत दादाच शेवटी म्हणाले, "मेहुणे, त्यांना विचारा, तब्येत कशी आहे आता."

"दाजी, सांगा त्यांना, माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?" बाळ पंख्याकडे बघत म्हणाला. "आणि म्हणावं, पश्चात्ताप झालाय ना, मग तोंडाने बोलून टाका. मी मोठ्या मनाने ऐकेन."

"कसला पश्चात्ताप?" दादा ताडकन पुढे झाले आणि जरा जास्तच पुढे आले. "मेहुणे, मला कसला पश्चात्ताप? नियम तो नियम!"

"मी चहा टाकतो," सर म्हणाले, पण हलले नाहीत. त्यांची नजर सोफ्यावर खिळली होती. मधली बैठक जुनी होऊन जरा दबलेली होती, आणि दोघं भाऊ, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, तिच्याकडे सावकाश येत होते. दोघांनाही ते कळत होतं. दोघंही कबूल करायला तयार नव्हते. दादांनी सोफ्याचा हात घट्ट धरला तर हातही हातातून निसटला. बाळने घसा खाकरण्याचं निमित्त करून मागे उडी घेतली आणि मूळच्या जागेपेक्षा पुढे येऊन पडला. थोड्याच वेळात इतकी वर्षं फोटोतसुद्धा जवळ न आलेले ते दोघे खांद्याला खांदा लावून बसले होते.

"दाजी, त्यांना म्हणावं, सरकून बसा."

"मेहुणे, त्यांना म्हणावं, लेन त्यांनी सोडलीय."

दार धाडकन उघडलं. सिस्टर युनिफॉर्ममध्येच धावत आल्या होत्या. भावांकडे न बघता त्या सरळ सरांपाशी गेल्या आणि त्यांनी त्यांची नाडी धरली.

"तुम्ही उभे का? किती वेळा जाऊन आलात?"

"कुठे?"

"कुठे काय! दोन बाटल्या एरंडेल पोटात गेलंय माणसाच्या! डोळे बघू. जीभ दाखवा."

"माझ्या पोटात?" सरांना आता कुठे उजेड पडला. "अगं, पोटात नाही! सोफ्यात!"

सिस्टरांच्या हातातून नाडी सुटली. सोफ्यावरून दादांचा आवाज आला, अगदी खोल गेलेला. "म्हणजे मी एरंडेलावर बसलोय?"

त्यांनी उठण्यासाठी जोर केला, आणि तीच घोडचूक झाली. चादर खोचणीतून सुटली आणि चादरीसकट दादा निघाले. जाता जाता त्यांनी बाळचा दंड पकडला. बाळ इतकी वर्षं शिकाऊंच्या शेजारी बसत आलेला. त्याचा उजवा पाय आपोआप सतरंजीवर आपटायला लागला आणि तो ओरडला, "ब्रेक! ब्रेक दाबा!"

"कुठाय ब्रेक!" दादा ओरडले.

दोघं एकदमच खाली आले. आधी दादा, त्यांच्यावर अर्धा बाळ, आणि दोघांच्या वर चादर. चादरीत काहीच हललं नाही. सिस्टर पुढे झाल्या, पण तेवढ्यात आतून बाळचा बारीक आवाज आला.

"दादा... लागलं का रे?"

"कमरेत," दादा आतून म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "तू सिग्नल न देता का निघालास?"

"मी निघालो? तूच मला टो करून नेलंस!"

चादर गदगदायला लागली. सिस्टरांना वाटलं दादांना उचकी लागली. चादर ओढली तर दोघं भाऊ सतरंजीवर पाय पसरून हसत होते, आणि डोळे पुसताना एकमेकांच्या तोंडाला तपकिरी पॉलिश फासत होते. सिस्टर तिथेच खाली बसल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते हसण्याचंच असेल असं नाही.

चहा सरांनीच केला. दोघं भाऊ सरांचे पायजमे घालून जेवणाच्या टेबलाशी बसले. दादांना पायजमा लांब होत होता, बाळच्या पोटाभोवती त्याची नाडी पोचतच नव्हती, म्हणून त्याने वरून टॉवेल गुंडाळला. दादांची पांढरी पँट बादलीत पडली होती आणि बादलीतलं पाणी कॉफीसारखं झालं होतं. जुना हिशोब एकदा मिटल्यावर दोघांना मोकळा वेळ सापडला आणि तो त्यांनी सरांवर घालवायचं ठरवलं.

"मेहुणे, तुम्ही पोरांना शिकवता तरी काय?"

"दाजी, तुम्ही शाळेत आहात म्हणून बरंय. इस्पितळात असता तर?"

"असल्या माणसाच्या हातात काडेपेटी देऊ नये."

"काडेपेटी काय, साबण देऊ नये!"

सर मान खाली घालून चहा ढवळत होते. त्यात साखर घातलेलीच नव्हती. तेवढ्यात सिस्टरांनी कप खाली ठेवला.

"पुरे झालं," त्या वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या. "सोफा माझा आहे, नवराही माझा आहे. त्यांना काय बोलायचं ते मी बोलेन, आणि तुम्ही गेल्यावर बोलेन. तुम्ही दोघांनी इतकी वर्षं जे केलंत त्यापुढे हा सोफा काहीच नाही. चहा घ्या."

दोघांनी मुकाट्याने चहा घेतला. सरांनी बायकोकडे पाहिलं. आपण हिला ओळखलंच नाही असं मघाशी फोनवर वाटलं होतं, तेच त्यांना पुन्हा वाटलं, आणि या वेळी ते पुष्कळसं खरं होतं.

दिवेलागणीला भाऊ निघाले, आणि एकाच गाडीतून निघाले. दादांनी मोठेपणाने बाळच्या स्कूलची गाडी चालवायचं मान्य केलं, बाळ शेजारी बसला. सर आणि सिस्टर खिडकीतून बघत होते. पायजमा सावरत दादांनी गिअर टाकला, गाडीने दोन आचके दिले आणि ती वळणावरून दिसेनाशी झाली.

सिस्टर वळल्या. सरांनी ओळखलं की आता आपली पाळी. त्यांनी आधीच बादली, साबणाचं पाणी आणि जुन्या बनियनच्या चिंध्या तयार ठेवल्या होत्या. ते सोफ्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि निमूटपणे चिंधी पिळायला लागले.

"मी सगळं काढतो," ते म्हणाले. "आज रात्रीच्या आत. तू काय बोलायचं ते बोल, मी पुसत पुसत ऐकतो."

सिस्टरांनी बोलायला तोंड उघडलं आणि फोन वाजला.

"काय झालं रे बाळ? ... आत्ताशी तर गेलात! ... कोणत्या चौकात? ... पिवळा होता की लाल? ... बरं, त्याला दे. हां दादा. ... अरे, पण त्याने ब्रेक मारला म्हणून काय झालं, स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतोच ना! ... नाही, खाली उतरायचं नाही. कोणी रिक्षा करायची नाही! पायजम्यात कुठे जाणार आहेस तू? ... ऐका माझं. गाडी वळवा आणि दोघंही परत इथे या. ... हो, आत्ता. बसून बोलू."

त्यांनी फोन ठेवला आणि क्षणभर सोफ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या दिव्यात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखत होता. सरांनी चिंधी उजव्या हातापाशी नेली, तशा त्या झटकन पुढे झाल्या आणि त्यांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "एवढ्यात पुसू नका. आणि ती तिसरी बाटली कुठे ठेवलीत?"